दोन घरांचं एक सोयर

चामराजपेट,
आषाढ वद्य द्वितीया, शनिवार, १२ जुलै

श्यामलाअक्का,

नमस्कार. वाकून करायचा की लांबूनच, ते तुम्ही पत्र वाचून झाल्यावर ठरवा. मी तुमची धाकटी जाऊ, सकवार. अक्षर ओळखलं असेलच. फोन केला असता तर आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला असता. कागद ठेवून दिला तरी घरातच राहतो, केव्हातरी वाचला जातो. म्हणून गिरीराजच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून लिहायला बसलेय. नवा कागद आणण्याइतकं आपल्यात सध्या काही नाही.

भांडण काढायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. काम आहे.

कोरमंगलाची ती कंपनी, लोकांच्या दारात पूजेची पेटी पोचवणारी, तिला मी फुलवाती आणि गेज्जेवस्त्रं, देवाच्या कापसाच्या माळा, करून देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीही देता, हे मला ठाऊक आहे. कोणी सांगितलं नाही. समोरच्या जयलक्ष्मम्मांकडे पेटी आली होती, त्यातली वात हातात घेतली आणि कळलं. इतकी भरघोस पाकळी, कापूस एवढा सढळ, सगळ्या बेंगळुरात एकच बाई वळते. मी काही बोलले नाही. तुम्हालाही माझ्या वाती दिसल्या असतील. तुम्हीही बोलला नाहीत. असं आपलं बरं चाललं होतं.

काल कंपनीची मुलगी घरी आली. नीरजा नाव. पुण्याची आहे, कोरमंगलात पीजीत राहते. बिचारी मार्केटपासून चालत आली, घामाघूम. पाणी पिऊन झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

‘काकू, मल्लेश्वरमचं श्यामला गृहउद्योग तुमचंच आहे का? म्हणजे एकच फॅमिली दोन नावांनी सप्लाय करतेय का?’

मी म्हटलं, ‘नाही हो बाई. त्यांची चूल वेगळी, आमची वेगळी.’

‘ओळख आहे?’

‘आमचं बोलणं नाही.’ खोटं नको आणि खरंही सगळं नको, म्हणून तेवढंच सांगितलं.

ती म्हणाली, ‘प्रॉब्लेम असा आहे, की आमच्या सगळ्या सप्लायर्सवर एक एआय लक्ष ठेवतं. माल कधी आला, कोण थांबलं, कुणाच्या गावात पूर आला, कुणाच्या नावाने खोटे मेल येतायत, सगळं बघतं. वातींसाठी कंपनीने मुद्दाम दोन घरं ठेवलीत. एक थांबलं तर दुसरं असावं म्हणून. पण तुम्ही दोघी दर वेळी एकदम थांबता. पौषात, फाल्गुनात, वैशाखात. दहा-बारा दिवस दोन्हीकडे शुकशुकाट, मग दोन्हीकडे एकदमच सुरू. आडनाव एक. सिस्टिमला वाटतंय, ही दोन घरं नाहीतच. कागदावर दोन, आत मालक एक. फसवणूक असू शकते, म्हणून त्याने तुम्हाला धोक्याच्या यादीत टाकलंय. मला सांगा, तुम्हा दोघींना थांबायचा सिग्नल कोण देतं?’

मी काही बोलायच्या आत ह्यांनी पेपर खाली न करताच म्हटलं, ‘यम.’

ती दचकली. मग मी सांगितलं, सुतक. देवापुढे लावायची वात, सुतकाच्या हाताने वळत नाहीत. पौषात कोलारचे काका गेले, वैशाखात होसूरच्या काकी. तुमचे ते आमचे, भावकी एकच. बोलणं असो नसो, सुतक दोन्ही घरांना.

नीरजा कपाळाला हात लावून हसली. ‘अहो, आमच्या घरी आजीनंतर कोणी पाळलंच नाही, माझ्या डोक्यातच आलं नाही! पण आता सिस्टिममध्ये काय लिहू? थांबण्याची कारणं दिलेली आहेत. पूर, आग, संप, सायबर हल्ला. सुतक नाहीये त्यात.’

‘मग घाला की.’

‘घालते. पण काकू, फाल्गुनात कोण गेलं होतं?’

मी म्हटलं, ‘कोणी गेलं नाही. आमच्या गिरीराजला मुलगी झाली. सोयर होतं.’

‘आणि मल्लेश्वरमवाल्या का थांबल्या? तुम्ही कळवलंत?’

नाही, म्हटलं.

‘मग त्यांना कसं कळलं?’

मी चहा ठेवायला आत गेले. साखर किती घातली आठवत नाही. तिने प्यायला, पण दुसरा कप मागितला नाही.

त्या यंत्राबद्दल तुमच्या मनात राग येऊ देऊ नका. माझ्याही आला होता, पण ते चांगलं आहे. चैत्रात माझ्या नावाने कुणा लबाडाने कंपनीला मेल पाठवला होता, खातं बदललंय, ह्यापुढे इथे पैसे घाला म्हणून. माणसं फसली असती, ह्याने अडवला. का, तर माझ्या प्रत्येक मेलमध्ये आधी तिथी असते. गिरीराज टाइप करतो, पण सांगते मी, आणि तिथीशिवाय मी सुरुवात करत नाही. त्या लबाडाने नुसती तारीख घातली होती. त्याला एवढं दिसलं. तेव्हापासून मी त्याला नावं ठेवत नाही.

तर काम असं. नागपंचमीपर्यंत आपण दोघींनी कंपनीला सांगायचं, की आम्ही एका भावकीच्या, पण कारभार वेगळा. नाही सांगितलं तर गौरी-गणपतीचं काम जाणार, दोघींचंही. तुमच्याकडे गल्लीतल्या किती बाया त्या कामावर आहेत ते तुम्हाला माहीत. माझ्याकडच्या तिघी तर सणाच्या कामावर वर्षाचं शाळेचं साहित्य घेतात.

आणखी एक गोष्ट, लपवली तर मला झोप लागणार नाही. नीरजा जाताना हळूच म्हणाली, की एकच ठेवायची वेळ आली तर सिस्टिम तुम्हाला ठेवील काकू, धोक्याच्या यादीत त्यांचा दिवा लाल आहे, तुमचा पिवळा. हे म्हणाले, मग गप्प बैस. मी जेवून उठले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

देवांचे टाक कुणाकडे असावेत, थोरल्या घरी की सासूबाई जिथे राहिल्या त्या घरी, हा वाद ह्या पत्रात आणत नाही. तुम्हीही उत्तरात आणू नका.

सकवार


चामराजपेट,
आषाढ वद्य एकादशी, सोमवार, २१ जुलै

अक्का,

उत्तर आलं नाही, पण मैत्रेयी आली. तुम्ही तिला पाठवलं नाही, ती आपणहून आली, असं तिने सांगायचं होतं. तसं तिने सांगितलं. तुमची लेक आहे, खोटं बोलताना कानाची पाळी ओढते, लहानपणापासूनची सवय.

आज उपास. तिला साबुदाण्याची खिचडी दिली. अर्धी खाऊन म्हणाली, ‘काकी, आईचा निरोप देऊ का? जसाच्या तसा देऊ की गाळून?’

‘जसाच्या तसा दे.’

‘आई म्हणाली, चामराजपेटवालीला आता माझी आठवण झाली का, कंपनीने विचारल्यावर?’

‘पुढे?’

‘म्हणाली, सुतक पाळलं ते मेलेल्यांचं. तिच्यासाठी नाही.’

‘सरी. बरोबरच आहे. आणि फाल्गुनातलं?’

मैत्रेयी म्हणाली, ‘तेव्हा भांडी विसळत होती. मग म्हणाली, पोरीने कुणाचं काय केलंय.’

मैत्रेयी गेल्यावर मी नातीला मांडीवर घेऊन बसले. एवढंच लिहिते.

त्याआधी मैत्रेयीला विचारलं, तुझ्या आईला आमच्याकडचं कळतं कसं. ती हसायला लागली. तेवढ्यात आमची चंदना विजयनगरहून आली आणि दोघी एकमेकींकडे बघून आणखीच हसल्या. अक्का, ह्या दोघी बहिणी रोज बोलतात! ती राजाजीनगरात, ही विजयनगरात, दुपारी मुलांना निजवलं की फोन. तुमच्याकडे काय शिजलं, आमच्याकडे कुणाला ताप आला, सगळं. आपण दोघी समजत होतो बोलणं बंद आहे. होसूरच्या काकी गेल्या ते मला चंदनाने सांगितलं होतं. मी विचारलंसुद्धा नव्हतं, तुला कोणी सांगितलं म्हणून. मला वाटतं, मला विचारायचंच नव्हतं.

आता कामाचं. नीरजाचा फोन होता. तुम्ही तिला भावकीचं सांगितलंत, म्हणाली. फार बरं केलंत. फसवणुकीच्या यादीतून आपण दोघी बाहेर. पण ती म्हणते, प्रश्न अर्धाच सुटला.

‘काकू, आता सिस्टिम म्हणतेय, तुम्ही चोर नाही, पण धोका आहेच. एकाच कारणाने दोघी थांबणार. सणाच्या तोंडावर काही झालं तर हजारो पेट्यांत वातीच नसतील. तिसरं घर सांगा, जे तुमच्याबरोबर थांबत नाही. नाहीतर तुमच्यापैकी एकीच्या जागी मला दुसरं कोणीतरी आणावं लागेल.’

मी म्हटलं, आमच्या हाताची वात दुसरं कोण वळणार? कुणालाही द्यायची आणि देवापुढे अर्ध्यात विझली तर?

हे ऐकून चंदना म्हणाली, ‘का? आम्ही मेलो का?’

‘अगं, तुला नाही का सुतक?’

‘लग्न लावून दिलंत ना दुसऱ्या घरी? पाठवताना म्हणालात, आता ते तुझं घर. मग भावकीचं सुतक मला कुठलं? आईबापाचं काय ते तीन दिवस. आणि त्यातही मला असेल तेव्हा मैत्रेयीला नाही, तिला असेल तेव्हा मला नाही.’

मला आधी तिचं ते बोलणं लागलं. मग पटलं. अक्का, बघा. तुमचं घर थांबलं की माझं थांबणारच, ते त्या यंत्राने बरोबर ओळखलं. पण आपल्या दोघींच्या लेकी आपल्याबरोबर थांबत नाहीत. आपल्याला सोयर-सुतक आलं की काम त्यांच्या हातात. वातही आपल्याच घराण्याची राहील.

एक अडचण आहे. त्यांनी वळायची कशी, तुमच्यासारखी की माझ्यासारखी? माझी कमी कापसात उभी राहते आणि आरती संपेपर्यंत जळते. तुमची दिसायला देखणी, पण कापूस खाते. मला माझीच बरी वाटते, हे खोटं का बोलू. पण शिकवायची तर तुमची शिकवा. तुम्ही थोरल्या, आणि मुलींना देखणं आवडतं. मी चंदनाला सांगितलंय, अक्का शिकवतील तशी शिक, मध्ये बोलू नकोस.

हो म्हणा. नागपंचमीला आठ दिवस आहेत.

सकवार


चामराजपेट,
श्रावण शुद्ध पंचमी, मंगळवार, २९ जुलै

अक्का,

आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडीची दिंडं केली, नागोबाला दूध दाखवलं आणि लिहायला मोकळी झाले.

चंदना तीन दुपारी तुमच्याकडे येऊन गेली. रोज घरी जाण्याआधी इथे डोकावते. तुम्ही काय काय बोललात ते सगळं सांगते, गाळत नाही. ‘तुझी आई कापूस वाचवते की वात करते?’ हे ऐकून हे इतके हसले की खोकला लागला. पण अक्का, दुसऱ्या दिवशीचंही तिने सांगितलं. तुम्ही माझी वात आणि तुमची वात एकाच समईत लावून ठेवल्या, आणि माझी मागून विझली. मुलींना म्हणालात, पाकळी माझी ठेवा, बुडखा चामराजपेटचा. मैत्रेयी म्हणते, ही तिसरीच वात झाली, दोघींपेक्षा चांगली. तिला म्हटलं, फार शहाणी होऊ नकोस.

नीरजाने दुपारी फोन केला. आवाजावरूनच कळलं, काम झालं. यंत्राला तिसरं घर मान्य. आपल्या दोघींचा दिवा पिवळा. मी विचारलं, हिरवा का नाही?

‘काकू, हिरवा आमच्या मॅनेजरच्या सख्ख्या मेहुण्यालासुद्धा मिळाला नाही. पिवळा म्हणजे निवांत राहा.’

कारणांच्या यादीत तिने सोयर-सुतकही घातलं. आणि काय झालं माहीत आहे? घातल्याबरोबर त्या यंत्राने आणखी चार-पाच घरं शोधून काढली, तुमकूरकडचे उदबत्तीवाले, एक कापूरवाला, जे असेच अधूनमधून न सांगता थांबायचे. सगळ्यांचे दिवे लाल होते. बिचारे कारण सांगायला लाजत असतील. आता नीरजा एकेकाला फोन करून विचारतेय, घरात कोणी गेलं का हो? मी म्हटलं, बाई, जरा बेताने विचार.

मग तिने सांगितलं ते लिहिण्यासाठी खरं तर हे पत्र. संकट आलं तर पहिला फोन कुणाला, हे प्रत्येकाला विचारतात म्हणे. माझं उत्तर तिने आधीच घेतलं होतं. मी म्हटलं होतं, तुम्हाला, म्हणजे कंपनीला. तेच बरोबर उत्तर असावं असं मला वाटलं.

तुम्हालाही तिने विचारलं. ‘श्यामला मॅडम, तुमच्याकडे काही झालं तर पहिला कॉल कुणाला?’

आणि तुम्ही म्हणालात, ‘आधी सकवारला. कंपनीला मागून.’

नीरजा म्हणाली, ‘काकू, मी त्यांना दोनदा विचारलं. नियमाप्रमाणे आधी आम्ही पाहिजे. त्या म्हणाल्या, लिहायचं तर असं लिही, नाहीतर राहू दे.’

मी तिला माझं उत्तर बदलायला सांगितलं. ती म्हणाली, कशाला विचारता, मी तेव्हाच बदललं.

माझा नंबर तुमच्याकडे नसेल म्हणून खाली लिहिला आहे. मोठ्या आकड्यांत लिहिलाय, चष्मा शोधायला नको.

सकवार


चामराजपेट,
श्रावण वद्य चतुर्थी, मंगळवार, १२ ऑगस्ट

अक्का,

सकाळचा तुमचा फोन ठेवून दुपार झाली नाही आणि मी पुन्हा लिहायला बसलेय. चंदना हसतेय, म्हणते फोन कर की. तिला कळत नाही, फोनवर मला जे सुचत नाही ते कागदावर सुचतं.

मी गेज्जेवस्त्राला कुंकू लावत बसले होते. अनोळखी नंबर होता. ‘कोण?’ म्हटलं.

‘कोण काय कोण! आमच्या सुशांतला मुलगा झाला. हातातलं ठेव आणि ऊठ.’

एवढ्या वर्षांनी ऐकलेला तुमचा आवाज, आणि तोही तसाच, उभं राहून हुकूम केल्यासारखा. मी खरंच उठून उभी राहिले. अर्धी माळ पाटावर तशीच.

‘बाळ-बाळंतीण?’

‘दोघं छान. नाक आपल्याकडचं आहे. तुझ्या दिरांचं.’

‘कंपनीला कळवलंत?’

‘आता कळवते. तुझं झाल्याशिवाय कसं कळवणार? स्वल्प दम धर.’

मग तुम्ही ठेवला नाहीत, आणि मीही नाही. तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला वाटलं आता देवांचं काढाल. तुम्ही विचारलंत, ‘तुझ्या नातीला दात आले का गं?’

अजून नाही, म्हटलं, पण बोट सापडलं की हिरड्यांनी चावते.

‘चावू दे,’ म्हणालात, ‘मध लावू नकोस, हल्लीचे डॉक्टर रागावतात,’ आणि ठेवलात.

नीरजाने लगेच मुलींना काम वळवलं. तिच्या यंत्राने म्हणे तुमचा फोन आल्याबरोबर दोन्ही घरं एकदम बंद दाखवली, आणि ह्या वेळी घंटा वाजवली नाही. गौरी दोन आठवड्यांवर आलेली, आणि ती निवांत होती. उलट मलाच म्हणाली, ‘काकू, अभिनंदन! पेढे पोस्टाने पाठवू नका, मी येऊन खाईन.’ कापूस दुकानातून परस्पर मैत्रेयीकडे गेला. चंदना आत्ता तिकडेच निघालीय, आमच्या तिघी बायांनाही तिने तिथेच बोलावलंय, त्यांना कुठलं सोयर. म्हणजे कुणाचंही काम बुडालं नाही.

आमच्या देवांची पूजा समोरच्या जयलक्ष्मम्मा करतील, हे त्यांना विचारून आले, उंबऱ्याबाहेर उभी राहून. आज अंगारकी, पण गणपतीच्या देवळात जायचं नाही. जयलक्ष्मम्मांच्या सुनेचं ओटीभरण आहे गुरुवारी, तिथेही जायचं नाही. शेजारी भजन आहे, तिथे नाही. ह्यांनी सकाळीच पाढा वाचला, इथे नाही, तिथे नाही, आता दहा दिवस तू काय करणार घरात बसून?

मी तेव्हापासून तोच विचार करत होते, आणि अक्का, बसल्या बसल्या लक्षात आलं. ह्या दहा दिवसांत सगळ्या बेंगळुरात मला एकाच घरी जाता येतं. जे सोयर माझ्या घरात, तेच त्या घरात. तिथलं पाणी मला चालतं, माझं तिथे चालतं, कुणी काही म्हणू शकत नाही.

हे पत्र चंदनाच्या हाती देते, आजच पोचेल. उद्या सकाळी मार्केटवरून मेट्रो धरते. गिरीराजची बायको लेकीला माझ्याबरोबर देईल म्हणाली, नातीलाही आणते. स्टेशनवर कुणाला पाठवू नका, संपिगे रोडवरून घर मला सापडेल. भात माझ्यापुरता जास्त लावा.

सकवार